मानखुर्दचे ज्ञान नैरोबीला गेले, परत कधी येणार?

२००० सालचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार जोकिन अर्पुथम यांना मिळाला तो ‘शांतता आणि आंतरराष्ट्रीय सामंजस्य’ या गटात. गटाचे नाव वाचून एखादा निवृत्त राजदूत डोळ्यांपुढे यावा. जोकिन होते ट्रॉम्बेच्या जनता कॉलनीतले. भाभा अणुसंशोधन केंद्राला खेटून असलेली सुमारे ७० हजार लोकांची ही वस्ती १९७६ च्या मे महिन्यात, ऐन आणीबाणीत उठवली गेली आणि माणसे चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली गेली. कोर्टकचेऱ्या, मोर्चे, दिल्लीच्या वाऱ्या, सगळे करून जोकिन ती लढाई हरले. त्या लढाईतून उभी राहिलेली नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन मात्र टिकली. १९९१ पासून या फेडरेशनची माणसे दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांत जाऊ लागली, तिथली मुंबईत येऊ लागली, आणि १९९६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या झोपडपट्टीवासीयांची एक आंतरराष्ट्रीय संघटनाच उभी राहिली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये जोकिन गेले तोवर ती आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत पसरली होती. विकसनशील देशांनी एकमेकांना काय शिकवायचे, हा विषय आपण परराष्ट्र खात्याचा समजतो. खरे तर तो वॉर्ड ऑफिसचा आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरांपुरते बोलायचे तर चित्र बोचणारे आहे. इथल्या वस्त्यांनी परदेशांतल्या वस्त्यांना एक कसब शिकवले, त्यांनी ते वाढवले, आणि इथल्या सरकारी कार्यालयांनी ते जवळपास टाकून दिले.

सरकारी पातळीवरची देवाणघेवाण भारताला नवी नाही. १९५५ ची बांडुंग परिषद, १५ सप्टेंबर १९६४ ला सुरू झालेला ‘आयटेक’ हा भारताचा तांत्रिक सहकार्य कार्यक्रम, १९७८ चा ब्युनॉस आयर्सचा कृती आराखडा, हे तिचे टप्पे. उपनगरांतही तिच्या खुणा आहेत. पवईचे आयआयटी १९५८ मध्ये युनेस्को आणि सोव्हिएत मदतीने सुरू झाले. देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था त्याच्याही आधीची. १९५६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रांनी मिळून ती काढली, तीच मुळी आशियातल्या देशांना लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण देण्यासाठी. शेजारच्या देशांतले आणि पुढे आफ्रिकेतलेही विद्यार्थी गोवंडी स्टेशनला उतरून तिथे शिकले आणि मायदेशी जाऊन सांख्यिकी खात्यांत, आरोग्य मंत्रालयांत रुजू झाले. हे काम मोलाचे आहे, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण योग असा की एकाच गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात माणसे मोजण्याच्या दोन शाळा चालत होत्या. एकीत पदवी मिळे. दुसरीत वस्तीतल्या बाया स्वतःच्याच वस्तीची मोजणी करत होत्या, आणि त्यांच्याकडे शिकायला जोहान्सबर्गहून माणसे येत होती. सरकारच्या लेखी पहिली शाळा म्हणजे ज्ञान आणि दुसरी फार तर समाजसेवा. या भेदापाशीच सगळे अडले आहे.

ही दुसरी शाळा सुरू झाली ती उपनगरात नव्हे, भायखळ्याच्या फुटपाथवर. १९८५ मध्ये फुटपाथवासीयांच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊ घातला होता आणि झोपड्या पडणार हे दिसत होते. शीला पटेल आणि सहकाऱ्यांनी आदल्याच वर्षी स्थापन केलेल्या ‘स्पार्क’ने तेव्हा सुमारे सहा हजार फुटपाथवासी कुटुंबांची गणना केली, कारण सरकारच्या कोणत्याही यादीत ही माणसे नव्हतीच. १९८६ मध्ये त्यातल्याच बायकांची ‘महिला मिलन’ झाली. जोकिनची फेडरेशन येऊन मिळाल्यावर हे काम रुळांच्या कडेला आले, म्हणजे कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, मानखुर्दच्या बाजूला. १९८८ च्या सुमारास राज्य सरकार आणि रेल्वे यांच्यासह रुळांलगतच्या झोपड्यांची मोजणी झाली, तेव्हा आकडा निघाला सुमारे १८ हजार.

ही मोजणी जवळून पाहण्यासारखी आहे. वस्तीतल्याच चार-पाच बाया खडू आणि टेप घेऊन गल्लीच्या तोंडापासून निघतात. दारावर नंबर पडतो. घराची लांबी-रुंदी, घरात माणसे किती, कमावती कोण, राहणारा मालक की भाडेकरू, वस्तीत कधीपासून, सगळे कागदावर उतरते. कुलूप असेल तर ‘बंद’ अशी नोंद होते आणि संध्याकाळी पुन्हा फेरी. झोपडीपुढे कुटुंबाला उभे करून फोटो निघतो. इथवर कोणतीही एजन्सी पोहोचेल. खरी गोष्ट पुढे आहे. तयार झालेली यादी वस्तीत सगळ्यांसमोर वाचली जाते, आणि मग भांडणे सुरू होतात. हा माणूस इथला नाहीच, परवा नंबर पडल्यावर आला. या एका झोपडीत चुली दोन आहेत, म्हणजे कुटुंबे दोन. ही बाई बाळंतपणाला गावी गेली आहे, तिचे नाव राहिले. ज्याचा निकाल लागत नाही ते नाव वेगळे काढून ठेवायचे, पुरावा मागायचा, पुन्हा वाचायचे. बाहेरून आलेल्या सर्वेक्षकाला दोन चुली दिसत नाहीत, शेजारणीला दिसतात. यादी नुसती बरोबर असून भागत नाही, ती लोकांना मान्य व्हावी लागते, आणि ही मान्यता भर वस्तीत भांडूनच मिळते. महिला मिलनची रोजची बचतही याच जातीची. घरोघर फिरून रुपया-दोन रुपये गोळा करायचे. लिहिता न येणाऱ्या बायकांसाठी निरनिराळ्या रकमांना निरनिराळ्या रंगांचे कागदाचे तुकडे ठरवलेले. यातून पैसे साठले ते थोडे. त्याहून मोठी कमाई ही की कोणत्या घरात दारू आहे, कोणाचे काम सुटले, कोणावर विश्वास टाकावा, हे रोज दारी जाणाऱ्या बाईला कळत गेले. मोजणीच्या वेळी हीच माहिती कामाला आली.

या कसबाची परीक्षा मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात, म्हणजे एमयूटीपीत झाली. कुर्ला-ठाणे पट्ट्यात नवे रूळ टाकायचे तर कडेच्या झोपड्या हलवणे भाग होते, आणि झोपड्या अगदी रुळांना भिडलेल्या असल्याने तिथे गाड्यांचा वेग कमी करावा लागे. माजी मुख्य सचिव डी. एम. सुखठणकर यांच्या कृतिदलाच्या कामातून मार्च १९९७ मध्ये पुनर्वसनाचे धोरण आले. २२५ चौरस फुटांचे घर, आणि हलवण्याआधी लोकांशी बोलणी, असा त्याचा गाभा. कांजूरमार्गला सुमारे ९०० कुटुंबांनी रूळ मोकळे करून त्याची चुणूक दाखवली होतीच. तरीही फेब्रुवारी २००० मध्ये रेल्वेने हार्बर मार्गावर झोपड्या पाडायला सुरुवात केली. त्यावर गदारोळ झाला, पाडकाम थांबले, आणि पुढच्या वर्षा-दीड वर्षात सुमारे ६० हजार माणसे पोलिसी बळाशिवाय रुळांवरून हलली. पन्नास-पन्नास कुटुंबांचे गट करून, याद्या जुळवून, कोण कोणाशेजारी राहणार हे शक्यतो आधी ठरवून. ज्या शहरात घरे पाडण्याची रीत म्हणजे पहाटे येणारे बुलडोझर, तिथे हे घडले. जागतिक बँकेच्या कर्जामुळे घडले, असे म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्य आहे. कर्जाच्या अटी नसत्या तर रेल्वेने बोलणी केली असती असे मानणे भाबडेपणाचे. पण अट घातली म्हणून साठ हजार माणसांच्या याद्या तयार होत नाहीत. ते काम करू शकणारी माणसे दहा-बारा वर्षांच्या मेहनतीने तयार होती, म्हणून अट पाळता आली.

नेमके हेच बाहेरच्या वस्त्यांना शिकायचे होते. दक्षिण आफ्रिकेत १९९४ मध्ये वर्णद्वेषी राजवट संपली तेव्हा तिथल्या वस्त्यांतल्या लोकांपुढे प्रश्न होता की नवे सरकार आपले आहे खरे, पण ते घरे देणार ती कोणाला, कुठे, कशी? त्याच वर्षी तिथे बेघरांची फेडरेशन उभी राहिली. तिने मुंबईहून रोजची बचत घेतली, स्वतःची मोजणी घेतली आणि पूर्ण आकाराच्या घराचा नमुना कापड-पुठ्ठ्यांतून मैदानावर उभा करण्याची युक्ती घेतली. ही युक्ती मूळ महिला मिलनची. घराचा नकाशा कागदावर वाचता येत नाही, तर घरच उभे करा आणि आत शिरून सांगा की मोरी कुठे हवी. बायकांनी अशाच चाचपणीतून चौदा फूट उंचीची खोली मागितली होती, कारण उंची मिळाली की पोटमाळा निघतो आणि वाढत्या कुटुंबाला वाढीव जागा फुकट मिळते. वास्तुविशारदांना हे आधी सुचले नव्हते. जून २००१ मध्ये असे नमुना घर आणि वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाचा नमुना न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत उभा राहिला, आणि खुद्द सरचिटणीस कोफी अन्नान तो पाहायला आले. केनियात ‘मुंगानो वा वानाविजिजी’ ही वस्त्यांची संघटना १९९६ पासून होती. नैरोबीत किबेरा आणि मुकुरू या वस्त्यांतून रेल्वे जाते, तेव्हा झोपड्या रुळांवर होत्या, अगदी हार्बर लाइनसारख्या. केनिया रेल्वेचे अधिकारी आणि तिथल्या वस्त्यांची माणसे मुंबईत येऊन एमयूटीपीचे पुनर्वसन पाहून गेली, आणि सरसकट हाकलण्याऐवजी लोकांसह मोजणी करून पुनर्वसन करण्याचा आराखडा तिथे झाला. अधिकारी आणि वस्तीवाले एकाच भेटीत आले हे इथे विसरू नये. अधिकारी एकटा आला असता तर त्याने इमारती पाहिल्या असत्या.

यावर पहिला आक्षेप असा की एका देशातले दुसऱ्या देशात चालत नाही. दक्षिण आफ्रिकेत जमीन आहे, घरासाठी सरकारी अनुदान आहे. मुंबईत जमिनीचा भाव आहे आणि एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, आहे. अगदी खरे. म्हणूनच तिथे मुंबईची इमारत गेली नाही, मोजणीची पद्धत गेली. वस्तू नेली आणि ती चालवणारी माणसे मागे ठेवली तर काय होते, याचा नमुना पाहायला पुण्याला जावे. बोगोटात २००० च्या अखेरीस सुरू झालेली जलद बससेवा पाहून पुण्याने २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आणली. रस्त्याच्या मध्ये लेन आली. बोगोटात त्या लेनमागे ती चालवणारी स्वतंत्र यंत्रणा होती, बसमध्ये चढण्याआधी भाडे घेणारी स्थानके होती, प्लॅटफॉर्मच्या उंचीला जुळणाऱ्या बस होत्या. पुण्याच्या त्या पहिल्या मार्गावर यातले बहुतेक आलेच नाही. लेनमध्ये दुचाक्या घुसल्या आणि ‘बीआरटी पुण्यात चालत नाही’ हे वाक्य रूढ झाले. चालले नाही ते लेन आणण्यापुरतेच शिकणे. उलट उदाहरण आपल्याच राज्यात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडचे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून तिथे खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, आणि देशोदेशींचे डॉक्टर-परिचारिका शिकायला आल्या तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांत याच बायका होत्या. त्या स्वतः ते काम करत होत्या, त्यामुळे कुठे अडते हे त्यांना ठाऊक होते.

दुसरा आक्षेप सोपा वाटतो, आणि तो मराठी वाचकाला पटकन पटेल: हे सगळे ‘अभ्यास दौरे’ आहेत. नगरसेवकांचे परदेशी अभ्यास दौरे आपण पाहिलेत, त्यांतून महापालिकेच्या हाती काय आले तेही पाहिले. तेव्हा वस्तीतल्या बायका केप टाऊनला गेल्या म्हणून टाळ्या का वाजवाव्यात? वाजवू नयेत. कोण गेले याच्याइतकेच परतल्यावर त्यांनी काय केले हे तपासावे. वस्त्यांच्या भेटींचा दंडक असा होता की पाहुण्यांना घेऊन यजमान वस्ती प्रत्यक्ष कामाला लागते. त्यांच्यासमोर मोजणी चालते, बचतीची फेरी निघते, अधिकाऱ्यांशी बैठक होते. पाहुण्यांमुळे यजमानांनाही फायदा होतो. मानखुर्दची बाई एरवी ज्या साहेबाच्या दाराबाहेर तासभर बसते, त्याला परदेशी पाहुण्यांसमोर तिला खुर्ची द्यावी लागते. याला कोणी चलाखी म्हणेल. म्हणू द्या, ज्यांच्याकडे दुसरे वजन नाही त्यांनी ती करावीच.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि त्याला बगल दिली तर या लेखाला अर्थ राहत नाही. ज्या पुनर्वसनाचे धडे बाहेर गेले त्याचे इथे काय झाले? मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड, चेंबूरचा वाशी नाका. रुळांवरून आणि रस्त्यांच्या कडेने उठलेली माणसे इथल्या सात-सात मजली इमारतींत आली. इमारतींमधले अंतर इतके कमी, नटवर पारेखमध्ये जेमतेम तीन मीटर, की खालच्या मजल्यांना भर दुपारी दिवा लावावा लागतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा २०१८ चा अभ्यास सांगतो की लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये क्षयरोग जास्त आढळला, खालच्या मजल्यांवर अधिकच. तर त्याच भागातल्या, इमारती मोकळ्या सोडलेल्या एका वसाहतीत तो बराच कमी. ऊन आणि वारा यांचा हा हिशेब आहे. पुनर्वसनाविरुद्ध दुकानदार आणि रहिवाशांच्या तक्रारी २००४ मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे गेल्या होत्या, आणि पॅनेलच्या अहवालानंतर मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचा निधी काही महिने रोखून धरला होता. शिवाय अशीही टीका झाली की माणसे हलवण्याचे सरकारचे काम स्वयंसेवी संस्थांनी अंगावर घेतले आणि विस्थापनाला गोड चेहरा दिला.

ही टीका खोटी नाही. पण तिच्यातून काय निघते ते नीट पाहावे. लोकांनी मोजणी केली, गट केले, माणसे हलवली. इमारतींमध्ये अंतर किती ठेवायचे हे लोकांनी ठरवले नाही. ते ठरवले झोपडपट्टी पुनर्वसनासाठी विकास नियंत्रण नियमांत दिलेल्या सवलतींनी, आणि जास्तीत जास्त गाळे कमीत कमी जागेत बसवण्याच्या गणिताने. पूर्ण आकाराच्या नमुना घरात उभे राहून ‘मोरी इथे’ असे सांगता येते. समोरची इमारत तीन मीटरवर आली की काय होते, हे कापडाच्या नमुन्यात दिसत नाही. तिथे वास्तुविशारद आणि सार्वजनिक आरोग्याचा जाणकार लागतो. वस्तीचे ज्ञान पुरेसे आहे असे मानणारे भाबडे, आणि ते ज्ञानच नाही असे मानणारे त्याहून घातक. वस्तीकडे मोजणी आणि मान्यता, तज्ज्ञाकडे ऊन-वारा, आणि दोघांच्या म्हणण्याला नियमांत जागा, असे जमले असते तर लल्लूभाई कंपाउंड वेगळे दिसले असते. खरी खंत अशी की इथले हे अपयश ज्यांच्या उपयोगी पडले असते त्यांच्यापर्यंत ते पद्धतशीर पोहोचवण्याचे काम इथल्या एकाही सरकारी यंत्रणेने आपले मानलेले नाही. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण डिसेंबर १९९५ पासून आहे. घराचे क्षेत्रफळ २२५ वरून २६९ आणि मग ३०० चौरस फुटांवर गेले, संमतीची टक्केवारी ७० वरून ५१ वर आली, आणि यातल्या प्रत्येक बदलामागे काहीतरी फसले होते. काय फसले, त्याची नोंद कुठे आहे? लागोस किंवा ढाक्याच्या अधिकाऱ्याला मुंबईकडून सर्वांत उपयोगी काही मिळू शकत असेल तर ती ही नोंद. यशोगाथांची पुस्तिका प्रत्येक शहराकडे असते.

पैशाचा प्रश्न राहतोच. विकसनशील देशांतल्या वस्त्यांच्या या भेटींना पैसा पुरवला तो बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या देणगीदारांनी. २००७ मध्ये एकट्या गेट्स फाउंडेशनने झोपडपट्टीवासीयांच्या त्या आंतरराष्ट्रीय संघटनेला एक कोटी डॉलर दिले. म्हणजे दक्षिणेने दक्षिणेला शिकवायचे आणि तिकीट उत्तरेने काढायचे. देणगीदाराचा रस आटला की भेटी आटतात. यावर उपाय आपल्या हातात आहे. ‘आयटेक’वर भारत सरकार दरवर्षी खर्च करते, आणि त्याच्या वर्गांत प्रामुख्याने परदेशी सरकारी अधिकारी बसतात. त्यांतला एखादा अभ्यासक्रम नागरी पुनर्वसनाचा असावा, वर्ग देवनारच्या संस्थेत भरावा आणि प्रात्यक्षिक मानखुर्दला व्हावे, शिकवणाऱ्यांत महिला मिलनच्या बाया मानधनावर असाव्यात. दोन्ही जागा एकाच पट्ट्यात आहेत, खर्च रिक्षाचा.

आता उलट्या दिशेकडे. नैरोबीने जे नेले ते वाढवले. ऑगस्ट २०१७ मध्ये नैरोबी काउंटीने मुकुरू ही लाखभर कुटुंबांची वस्ती ‘विशेष नियोजन क्षेत्र’ म्हणून जाहीर केली. मुंगानोने दहा-दहा घरांचे गट केले, त्यांचे मोठे गट, आणि त्यांच्यामार्फत रस्ते, पाणी, आरोग्य, जमीन अशा एकेका विषयावर वस्तीभर चर्चा घडवली. समोर बसले होते विद्यापीठांतले अभ्यासक, वकील, अभियंते, अशा चाळीसहून अधिक संस्थांचे लोक, विषयवार गटांत वाटलेले. मुंबईत जे दोन धागे सुटे राहिले, वस्तीची मान्यता आणि तज्ज्ञाचे गणित, ते मुकुरूत एकत्र गुंफण्याचा प्रयत्न झाला. सगळे सुरळीत झाले असे नाही. २०२४ च्या एप्रिल-मेमधल्या पुरानंतर नदीकाठच्या घरांवर तिथेही सरकारने बुलडोझर घातले. पण लाखभर कुटुंबांच्या वस्तीला जागच्या जागी रस्ते आणि नळ देण्याचे नियोजन लोकांसह कसे करायचे, याचा जगातला सर्वांत मोठा धडा आज तिथे आहे, आणि त्याची मुळे मानखुर्द-कांजूरमार्गच्या रुळांत आहेत.

तो धडा इथे आणायची वेळ आताच आहे. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगरात सुमारे १७ हजार झोपड्यांचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत; पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे न्यायचा आहे आणि वस्ती त्या वाटेवर आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि ठाणे-बोरिवली बोगदा हेही उपनगरांतलेच, आणि त्यांच्या वाटेवरही वस्त्या आहेत. या कामांत यादीच कळीची ठरते. यंत्र घेऊन आलेली एजन्सी माणशी बोटांचे ठसे जमा करते आणि निघून जाते. कोण पात्र, कोण अपात्र हे महिन्यांनी एका कागदावर कळते, आणि मग दलालांचे दिवस सुरू होतात. यंत्राला विरोध करायचे कारण नाही. यादी वस्तीत मोठ्याने वाचायला आणि दोन चुलींचा वाद तिथेच ऐकायला यंत्र आड येत नाही, साहेबांची घाई येते. रमाबाई नगरात हे होऊ शकते. रुळांवरून हललेल्या वस्त्यांतल्या, मोजणी केलेल्या बाया आज साठीच्या पुढे असतील, पण त्या मानखुर्दमध्ये, कांजूरला, वाशी नाक्याला आहेत. आणि नैरोबीला शिष्टमंडळ पाठवायचे झाले तर त्यात उपजिल्हाधिकाऱ्यासोबत रमाबाई नगरातल्या दोघी-तिघी असाव्यात, नटवर पारेखच्या तळमजल्यावर राहणारी एक असावी. मुकुरूचे लोक इमारतींमधल्या अंतराबद्दल विचारतील तेव्हा उत्तर तिलाच देता येईल.